पॅरिशमधली मुलं, म्हातारी आणि एकटी माणसं: संरक्षणाची घडी कशी बसवायची

कोल्हापुरात नवख्या माणसानं चर्च कुठं आहे असं विचारलं, तर रिक्षावाला बहुधा त्याला वाइल्डर मेमोरियलला नेऊन सोडेल. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इथं आले आणि इथला ख्रिस्ती समाज मुख्यतः प्रॉटेस्टंट परंपरेत वाढला. आपण कॅथलिक त्यातही थोडे. कुणी गोव्याकडचं, कुणी श्रीरामपूरकडचं, कुणी नर्सिंगच्या नोकरीसाठी केरळातून आलेलं, कुणी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, नवा चेहरा दिसला की मिस्सा संपून चहा होईपर्यंत त्याचं गाव, नोकरी आणि भाड्याची खोली सगळ्यांना माहीत झालेली असते.

या जवळिकीचा आधार मोठा आहे. आजारपणात डबा येतो, मयतीला माणसं धावतात. पण संरक्षणाचा विषय काढला की हीच जवळीक आडवी येते. ‘फादरांवर संशय घ्यायचा होय?’ ‘ते पोरगं आपल्या डोळ्यांसमोर वाढलंय.’ ‘आधीच धर्मांतराच्या नावानं आपल्याकडं वाकड्या नजरेनं बघतात, त्यात हे बाहेर गेलं तर?’ यातली शेवटची भीती काल्पनिक नाही, म्हणूनच ती सगळ्यात जास्त घात करते. त्या भीतीपोटी जी पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा समाज, गप्प बसते, तिथं पुढचं मूल त्याच माणसाच्या हाती सापडतं. आणि प्रकरण कधीतरी बाहेर येतंच. तेव्हा बातमी होते ती वर्षानुवर्षं गप्प बसल्याची.

तेव्हा कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्नच बाजूला ठेवूया. माणूस कितीही भला असो, एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसण्याची वेळच येणार नाही, अशी व्यवस्था लावायची. भल्या माणसालाही तिचा फायदाच होतो, कारण त्याच्यावर नाहक बोट उठत नाही.

आधी यादी करा

कायद्याच्या दृष्टीनं अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल. सतरा वर्षांचा गिटार वाजवणारा युवा संघाचा पोरगाही मूलच. प्रौढांच्या बाबतीत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेला आणि २०२३ मध्ये सुधारून कायम केलेला ‘वोस एस्टिस लुक्स मुंडी’ हा आदेश उपयोगी पडतो. आजारपण, शारीरिक किंवा मानसिक कमतरता, स्वातंत्र्य हिरावलं जाणं, यांमुळे ज्या व्यक्तीची समजण्याची किंवा विरोध करण्याची ताकद कमी झाली आहे, ती असुरक्षित व्यक्ती. ही ताकद अधूनमधून कमी होत असली तरी ती यात येते. हा ‘अधूनमधून’ लक्षात ठेवा. नवरा गेल्यावरची पहिले सहा महिने सुन्न असलेली बाई, दारू सोडण्याच्या प्रयत्नात असलेला माणूस, ऑपरेशननंतर खाटेवर पडलेला धडधाकट गडी, हे सगळे काही काळ त्यात बसतात.

पॅरिश कौन्सिलच्या एका बैठकीत निवांत बसून ही यादी करा. एकटे राहणारे ज्येष्ठ, ज्यांची मुलं दुबईला किंवा पुण्याला आहेत. गतिमंद किंवा दिव्यांग मुलं असलेली घरं. वसतिगृहात राहणारी मुलं. परराज्यातून आलेल्या, मराठी न येणाऱ्या तरुण नर्स. घरकाम करणाऱ्या बायका. पॅरिशतर्फे हंगामात ऊसतोड कामगारांच्या फडावर शिकवायला किंवा कपडे वाटायला कुणी जात असेल, तर ती पालावरची मुलंही. यादी कुलपात राहील आणि तिची झेरॉक्स निघणार नाही, एवढं बघा.

दोन माणसं नेमा, आणि फादर त्यात नकोत

तक्रार ऐकण्यासाठी एक बाई आणि एक पुरुष असे दोघं हवेत. ते एकमेकांचे नातेवाईक नकोत, पॅरिशच्या पगारावर नकोत आणि फादरांच्या रोजच्या ऊठबशीतलेही नकोत. निवृत्त मुख्याध्यापिका, बँकेतला अधिकारी, सीपीआर या सरकारी रुग्णालयातली नर्स, कुणीही चालेल. पदवीपेक्षा पोटात गोष्ट ठेवण्याची सवय महत्त्वाची. फादर मुख्य व्यवस्थापक असतात, त्यामुळे तक्रार त्यांच्याविरुद्ध किंवा त्यांच्या जवळच्या माणसाविरुद्ध असेल तर ऐकणारेही तेच होतात. समंजस फादर स्वतःच म्हणतात की माझं नाव त्यात घालू नका.

या दोघांची नावं, फोन, जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर, मुलांसाठीची १०९८ आणि सर्वांसाठीची ११२ ही हेल्पलाइन एका फलकावर लिहा. बिशपांच्या कार्यालयात तक्रार कोण घेतं, ते नावही त्यावर हवं. तक्रारीसाठी लोकांना सहज गाठता येईल अशी सोय प्रत्येक धर्मप्रांतात असलीच पाहिजे, असं वर सांगितलेल्या आदेशातच आहे. तेव्हा ते नाव लेखी पत्र लिहून मागवा. फलक मराठी आणि इंग्रजीत असावाच, आणि पॅरिशमध्ये मल्याळी किंवा कोंकणी घरं असतील तर त्या भाषांतही. दोन प्रती लावा. एक नोटीस बोर्डावर, आठ वर्षांच्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर. दुसरी बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला, जिथं नंबर टिपून घेताना कुणी बघत नाही.

किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक फेरी

शनिवारी दुपारी, धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू व्हायच्या आधी, हे दोघं आणि एक आई अशा तिघांनी अख्खं आवार पायी फिरायचं. कुलूप असलेलं प्रत्येक दार उघडून बघायचं. आपल्याकडे चर्च, फादरांचं घर, शाळा आणि सिस्टरांचं कॉन्व्हेंट बऱ्याचदा एकाच कंपाऊंडमध्ये असतं, त्यामुळे ‘तो भाग शाळेचा’ आणि ‘तो भाग चर्चचा’ यांच्यामधली बोळ कुणाचीच नसते. तिथून सुरुवात करा.

मग साक्रिस्टी, म्हणजे मिस्सेचे झगे आणि भांडी ठेवायची वेदीमागची खोली. वेदीसेवक मुलं इथंच कपडे बदलतात. दाराला काच आहे का? आतून कडी आहे का? असेल तर ती काढून टाका. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. मुलं सदऱ्यावरून झगा चढवतात, तेव्हा त्यांना आडोशाची गरज नसते आणि मोठ्या माणसानं बटणं लावून द्यायचीही. गायनवृंदाचा माळ्यावरचा जिना, हॉलमागची खुर्च्यांची खोली, जनरेटरची शेड, गच्ची. प्रत्येक जागेसाठी एकच प्रश्न विचारायचा: संध्याकाळी सात वाजता, लाइट गेल्यावर, इथं कोण असू शकतं आणि कुणाला दिसू शकतं? उत्तर वहीत लिहायचं. कुणाकडे कुठली किल्ली आहे तेही. ही यादी पाहून बहुतेक पॅरिशना धक्का बसतो, कारण कधीकाळी डेकोरेशनला दिलेल्या किल्ल्या परत आलेल्याच नसतात.

फादरांच्या ऑफिसच्या दारालाही काच बसवा. पापनिवेदनाची जागाही उघड्या, सहज दिसणाऱ्या ठिकाणी असावी, असं चर्चचा स्वतःचा कॅनन कायदाच सांगतो (कॅनन ९६४). प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या आधी मुलांची पापनिवेदनं असतात, तेव्हा ती चर्चच्या मुख्य भागात, बाकीची मुलं आणि एक शिक्षिका दिसतील पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर घ्यावीत.

माणसं घेताना

धर्मशिक्षक, गायनवृंदाचे मास्तर, युवा संघाचे ताई-दादा, सहलीचा ड्रायव्हर, आवाराचा वॉचमन. ज्याचा मुलांशी नेहमी संबंध येतो अशा प्रत्येकाकडून एक पानाचा अर्ज घ्या. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी ठरावीक काळानं करत राहावी, असं मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याचे २०२० चे नियम सांगतात. पगारी माणसांसाठी करताच आहात, तर स्वयंसेवकांसाठीही करा. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

पण त्या प्रमाणपत्रावर फार विसंबू नका. ज्याच्याविरुद्ध कधी कुणी पोलिसांत गेलंच नाही, त्याचं प्रमाणपत्र कोरंच येणार. जास्त उपयोग फोनचा होतो. माणूस आधी ज्या पॅरिशमध्ये होता तिथल्या दोघांना फोन लावा आणि थेट विचारा, ‘तुमच्याकडची पोरं तुम्ही परत त्यांच्या हवाली कराल का?’ पलीकडून ‘तसे चांगले आहेत हो, पण...’ असं आलं, तर त्या ‘पण’नंतरचं सगळं ऐकून घ्या. नव्या माणसाला सुरुवातीचे काही महिने अनुभवी माणसाच्या जोडीनंच काम द्या. फादरांचा पुतण्या असला तरी.

नियम थोडे, पण सगळ्यांना लागू

वीस पानांची नियमावली कुणी वाचत नाही. एका पानात मावतील एवढेच नियम करा आणि मिस्सेनंतर फादरांनी स्वतः सगळ्यांसमोर पहिली सही करावी. बाकीचे मग टाळाटाळ करत नाहीत.

मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं. एकट्या मुलाला गाडीवरून सोडायचं नाही. पाऊस असला तरी आधी घरी फोन. वैयक्तिक भेटवस्तू नाही, पैसे नाहीत, ‘घरी सांगू नकोस’ असं काहीच नाही. मूल रडत असेल तर खांद्यावर हात ठेवायला हरकत नाही, पण सगळ्यांसमोर, आणि गरज मुलाची असली पाहिजे. मारणं, कान पिळणं, उठाबशा बंद. जुन्या पिढीच्या धर्मशिक्षकांना हा शेवटचा नियम सगळ्यात जड जातो. ‘आम्ही मार खाल्ला म्हणूनच शहाणे झालो’ हे त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि नियम तसाच ठेवावा.

मोबाइलचं वेगळं सांगतो. मुलांना निरोप द्यायचा तो पालकांच्या ग्रुपवर. एखाद्या मुलीला गायनवृंदाचा मास्तर रात्री अकराला ‘आज छान गायलीस’ असा एकटीला मेसेज टाकत असेल, तर मेसेज कितीही साधा असो, तो त्याच दिवशी थांबवायचा. पार्सल उघडायच्या आधी दोरी सोडावी लागते, आणि हे मेसेज म्हणजे ती दोरी. फोटो टाकताना मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि फोटो एकत्र टाकू नयेत.

सहली आणि रात्रीचे कार्यक्रम इथं नियम सगळ्यात जास्त सैल होतात. हरेगावची मतमाउलीची यात्रा, जुन्या गोव्याची बस, डिसेंबरातली कॅरल्स. कॅरल्सच्या वेळी टेम्पो भरून पोरं कसबा बावड्यापासून कागलपर्यंत घरोघरी जातात, प्रत्येक घरी केक-चहा होतो, कुठं मोठ्यांसाठी वाइनही निघते, आणि शेवटचं घर संपेपर्यंत मध्यरात्र होते. मग ‘मी सोडतो हिला’ असं म्हणून कुणीतरी बाइक काढतं. हे टाळायचं असेल तर निघतानाच कागद हवा: कोण आलं, कोण कुठं उतरणार, घ्यायला कोण येणार. उतरताना घेणाऱ्याची सही. मुलांसोबत असलेल्या मोठ्यांनी त्या रात्री घोटभरही घ्यायची नाही. मुक्कामाच्या सहलीत मुलांच्या खोलीत मोठं माणूस झोपत नाही, आणि मुलींसोबत किमान एक बाई असते. बाई मिळाली नाही तर सहल रद्द. एकदा रद्द करून बघा, पुढच्या वेळी दोन बायका तयार होतात.

घरी ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्यांसाठी

मुलांबद्दल निदान बोललं तरी जातं. राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींबद्दल कुणी बोलत नाही. मुलगा परदेशात, गुडघे गेलेले, आठवड्यातून एकदा ख्रिस्तप्रसाद घेऊन येणारं माणूस हाच बाहेरच्या जगाचा दरवाजा. हे माणूस चांगलं असेल तर आजींचं त्याच्यावर इतकं अवलंबून राहणं होतं की ‘बाळा, जरा एटीएममधून पैसे काढून आण, नंबर असा असा’ इथपर्यंत गोष्ट जाते.

इथं नियम करकरीत हवेत. दोघांनी मिळून जायचं. पिन ऐकायचा नाही, ऐकला तर आजींना तिथंच सांगायचं की बँकेत जाऊन बदलू. पासबुक, घराचे कागद, दागिने यांना हात लावायचा नाही. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही आणि पॅरिशला काही द्यायचं असं आजी म्हणाल्या, तर त्यांच्या स्वतःच्या वकिलाशिवाय आणि नातलगांना कळवल्याशिवाय तो विषय पुढं न्यायचा नाही. फादरांनीही नाही. प्रार्थनेच्या बदल्यात पैसे, आजार बरा होण्याच्या बदल्यात दान, ही भाषा ऐकू आली तर तीही शोषणातच मोजा.

भेटीत डोळे उघडे ठेवा. गेल्या वेळी होती ती बांगडी हातात नाही. औषधांची पाकिटं महिनाभर तशीच. सून समोर असली की आजी बोलायच्या थांबतात. अंगावर काळेनिळे डाग आणि ‘पडले गं’ एवढंच उत्तर. असं काही दिसलं तर नेमलेल्या दोघांना त्याच दिवशी सांगा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मुलांकडून निर्वाह मागण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. घर मुलाच्या नावावर केलं आणि त्यानं सांभाळायचं सोडलं, तर त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मात्र दस्तात सांभाळण्याची अट लिहिलेली असली तर काम सोपं होतं. म्हणून आजी सहीला निघाल्या आहेत असं कळलं, तर एवढी एक गोष्ट वकिलाला विचारायला सांगा.

आणि पंचगंगा. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी पाहिला. पुढच्या वेळी पॅरिशचा हॉल निवाऱ्यासाठी उघडायचा असेल, तर बायका-मुलांची झोपायची जागा वेगळी, स्वच्छतागृहाच्या वाटेवर रात्रभर दिवा, आणि मदत वाटणाऱ्यांच्या गळ्यात नावाची पट्टी. संस्था अनोळखी असेल तर मुलांना ‘घेऊन जातो, शिकवतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवून बाल कल्याण समितीला कळवा.

मूल बोललं तर

सगळ्या नियमांपेक्षा या दहा मिनिटांवर जास्त गोष्टी अवलंबून असतात. मूल बहुधा नेमलेल्या माणसाकडे जात नाही. वर्ग संपल्यावर खुर्च्या रचताना ते आवडत्या टीचरच्या कानाशी काहीतरी पुटपुटतं.

‘टीचर, कुणाला सांगणार नाही ना?’

इथं ‘नाही सांगणार’ असं म्हणू नका. म्हणा, ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल, त्यांनाच सांगेन. आणि कुणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन.’ मूल गप्प झालं तर गप्प राहू द्या, जवळच बसा. पुन्हा बोलायला लागलं तर मध्ये तोडू नका.

‘ते दादा... मला तिकडं नेतात.’

‘बरं. पुढं सांगायचंय का?’

एवढंच. ‘तिकडं म्हणजे गच्चीवर का?’, ‘त्यांनी तुला हात लावला का?’ असे प्रश्न आपण विचारले, तर मूल हो म्हणतं आणि उद्या कोर्टात बचावाचा वकील म्हणतो की हे सगळं शिक्षिकेनं मुलाच्या तोंडात घातलं. चेहऱ्यावर घाबरल्याचं दिसू देऊ नका. ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न तर कधीच नको. शेवटी तीन वाक्यं: ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. आता मोठी माणसं बघतील.’

मग त्याच तासात वही काढा. तारीख, वेळ, जागा, मुलानं वापरलेले शब्द जसेच्या तसे, कोल्हापुरी असले तर कोल्हापुरीच. तुमचं मत, अंदाज, शंका काही नको. खाली सही.

आणि त्याच दिवशी कळवा. पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची भीती असल्याचं ज्याला कळलं, त्या प्रत्येकानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखानं दडवला तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. फादरांची परवानगी, बिशपांचं उत्तर, कौन्सिलचा ठराव, यांपैकी कशाचीही वाट बघायची नाही. आधी पोलीस किंवा १०९८, नंतर धर्मप्रांताचं कार्यालय. आरोप फादरांवर, ब्रदरवर किंवा सिस्टरवर असेल तर बिशपांनाही कळवायचंच, कारण चर्चची स्वतःची चौकशी वेगळी चालते. ती पोलीस तपासाच्या जागी चालत नाही आणि तक्रारदारावर गप्प राहण्याचं बंधनही घालता येत नाही.

ज्याच्याविरुद्ध बोललं गेलं, त्याला बोलावून ‘खरं काय ते सांग’ असं विचारायचं नाही. यात चांगली चांगली माणसं चुकतात. तो सावध होतो, फोन साफ करतो, मुलाच्या घरी जातो. चौकशी पोलिसांचं काम आहे. गुन्हा घरातल्याच माणसानं केला असेल तर घरच्यांनाही आधी कळवू नका. मूल रात्री कुठं सुरक्षित राहील हे पोलीस आणि बाल कल्याण समिती ठरवतात. पोलिसांनी समितीला चोवीस तासांत कळवायचं असतं.

पालक घाबरलेले असतात की पोरीला ठाण्यात बसवतील. त्यांना सांगा: जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथं घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, ती गणवेशात नसते, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी सीपीआरमध्ये गुन्हा नोंदायच्या आधीही होऊ शकते आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका; कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. फोनवर काही फोटो आले असतील तर ते ‘पुरावा’ म्हणून एकमेकांना पाठवू नका. पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन आहे तसा पोलिसांकडे द्या.

पापनिवेदनाचा प्रश्न हमखास निघतो. कॅनन ९८३ प्रमाणे धर्मगुरूला तिथं ऐकलेलं कुठंच बोलता येत नाही, आणि पोक्सोच्या कलम १९ मध्ये पापनिवेदनासाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. व्यवहारात फादर एक करू शकतात: मुलाला तिथंच सांगायचं, ‘हे बाहेर, टीचरसमोर मला पुन्हा सांगशील?’ बाहेर सांगितलेल्या गोष्टीला पापनिवेदनाची मुद्रा, म्हणजे गुप्ततेचं बंधन, नसते. ऑफिसात, अंगणात, फोनवर झालेल्या कबुलीला तर नाहीच, तिथं ‘मी धर्मगुरू आहे’ म्हणून गप्प बसता येत नाही.

काम करणाऱ्या बायका आणि सिस्टर

स्वयंपाकाच्या मावशी, ऑफिसातली मुलगी, शिकाऊ सिस्टर, यांच्यासाठी २०१३ चा कामाच्या जागी लैंगिक छळाचा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. बलात्कारासारखा गुन्हा असेल तर थेट पोलीस. स्त्रियांसाठी १८१ आहे. ‘फादर देवमाणूस, मी कोण?’ असं म्हणून नोकरी सोडून जाणाऱ्या मावशींकडे नंतर कुणीच चौकशी करत नाही. त्यांच्या घरी एक बाई पाठवा.

तक्रार गेल्यानंतरचे दिवस

ज्याच्यावर आरोप आहे त्याला निकाल लागेपर्यंत मुलांच्या आणि असुरक्षित माणसांच्या कामातून बाजूला ठेवायचं. ही शिक्षा नाही, आणि हे त्यालाही सांगायचं. त्याच्या घरच्यांशी कुणी बोलणं सोडू नये. त्यांनी काहीच केलेलं नसतं. फादरांची बदली करून प्रकरण दुसऱ्या पॅरिशच्या गळ्यात टाकणं हा मात्र उपाय नाही.

रविवारी लोकांना काहीतरी सांगावंच लागतं, नाहीतर सोमवारी तिकटीवर दहा गोष्टी फिरतात. एवढं वाचा: ‘आपल्या पॅरिशमधल्या कामाशी संबंधित एक तक्रार कायद्याप्रमाणे पोलिसांकडे दिली आहे. तपासात आपण पूर्ण सहकार्य करत आहोत. कुणाच्याही नावाची चर्चा करू नये आणि काही लिहू नये. कुणाला आणखी काही सांगायचं असेल तर फलकावरच्या नंबरवर बोलावं.’ मुलाची ओळख उघड करणं पोक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. नाव न घेता ‘त्या अमक्या गल्लीतली, सातवीतली’ असं सांगणंही ओळख उघड करणंच. कॉलनीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं तर त्याला फोन करून तो मेसेज काढायला लावा.

घरच्यांसाठी मदत उभी करायची ती गाजावाजा न करता. मनोधैर्य योजनेतून बलात्कार, ॲसिड हल्ला आणि बालकांवरच्या अत्याचारातल्या पीडितांना अर्थसाहाय्य मिळतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मोफत वकील हवा असेल तर तेच कार्यालय, किंवा १५१०० वर फोन. मुलाला किंवा आईला झोप येत नसेल, कुणाशी बोलावंसं वाटत असेल तर टेलिमानस १४४१६, मराठीत बोलता येतं.

खटला कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात चालेल. कायदा म्हणतो की मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपावा. तारखा मात्र पडत राहतात. जामिनाच्या किंवा अपिलाच्या कामासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, तेवढा एक त्रास कमी झाला आहे. तारखेच्या दिवशी आईच्या सोबत जायला पॅरिशमधल्या दोन बायका ठरवा, आणि धाकट्या भावंडाला शाळेतून आणायला कुणीतरी. ते कुटुंब मिस्सेला यायचं बंद झालं तर ‘येत नाहीत हो आता’ असं म्हणून सोडू नका. त्यांना याच चर्चमध्ये यायचं नसेल. दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये मुलीचं दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) घ्यायचं असलं, तर त्याची कागदपत्रं फादरांनी न विचारता, कारण न मागता, त्याच आठवड्यात तयार करून द्यावीत.